बुटकेपणा, रक्त आणि पाव सेकंद

गॅरी ॲब्लेट ज्युनियर पडायचा नाही, कारण त्याचा गुरुत्वमध्य खाली होता. ख्रिस जड निसटायचा, कारण त्याच्या पायांत जन्मजातच वेग होता. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या या दोन थोर मिडफिल्डरांची तुलना निघाली की ही दोन वाक्यं ठरलेली. पहिलं गणितात टिकत नाही आणि दुसरं जेमतेम अर्धं टिकतं.

आधी खेळाविषयी थोडं. बॉक्सिंग डे कसोटीमुळे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्या ओळखीचं आहे. हिवाळ्यात तिथे हा खेळ चालतो. त्याचं मूळही क्रिकेटशी जोडलेलं आहे. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं शरीर सुस्तावू नये म्हणून फुटबॉल क्लब काढा, असं पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ मध्ये लिहिलं आणि पुढच्याच वर्षी नियम कागदावर उतरले. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू आणि ऑफसाइडची भानगड नाही. चेंडू हातात धरून पळता येतं, मात्र १५ मीटरच्या आत तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. फेकायला बंदी. एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा द्यायचा, याला हँडबॉल म्हणतात. नाहीतर लाथ मारायची. सुटायची संधी मिळूनही चेंडू धरून राहिलात आणि पकडले गेलात, तर फ्री किक प्रतिस्पर्ध्याला.

मिडफिल्डरची खरी परीक्षा मध्यभागी होते. पंच चेंडू उंच उडवतो (२०२५ पर्यंत तो जमिनीवर आपटून उडवायचा), प्रत्येक संघाचा एक असे दोन उंच ‘रकमन’ हवेत झेपावतात आणि त्यांच्यापैकी एकजण तो खाली थापटतो. खाली दोन्ही संघांचे तीन-तीन मिडफिल्डर टपलेले असतात. इथे चेंडू हाती लागला, तर साधारण एका सेकंदात कोणाची तरी कंबरेला मिठी बसते. जड आणि ॲब्लेट यांची अख्खी कीर्ती या एका सेकंदावर उभी आहे.

दोघांच्या कारकिर्दी कोणी जुळवून लिहिल्यासारख्या वाटतात. दोघेही २००१ च्या ड्राफ्टमधले, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीतले. जडला वेस्ट कोस्टने तिसऱ्या क्रमांकावर उचललं, तर ॲब्लेटला जीलाँगने चाळिसाव्यावर, तेही वडील त्याच क्लबकडून खेळल्यामुळे लागू होणाऱ्या ‘फादर-सन’ नियमाखाली. दोघांचं पदार्पण २००२ मध्ये. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी ब्राउनलो पदकं दोघांची दोन-दोन, आणि दोघांनीही ती दोन वेगवेगळ्या क्लबांकडून मिळवली. जडने २००४ मध्ये वेस्ट कोस्टकडून आणि २०१० मध्ये कार्लटनकडून, ॲब्लेटने २००९ मध्ये जीलाँगकडून आणि २०१३ मध्ये गोल्ड कोस्टकडून. पुढे मात्र हिशेब फाटतो. सामने जडचे २७९, ॲब्लेटचे ३५७. खेळाडूंच्या मतांवर मिळणारी ली मॅथ्यूज ट्रॉफी ॲब्लेटकडे पाच वेळा, जडकडे दोनदा. विजेतेपदं ॲब्लेटची दोन, २००७ आणि २००९ ची. जडचं एकच, २००६ चं. पण तेव्हा तो कर्णधार होता आणि सामना फक्त एका गुणाने जिंकलेला, ८५-८४. आदल्या वर्षी वेस्ट कोस्ट चार गुणांनी हरला होता, तरी अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक हरलेल्या जडलाच मिळालं.

आता गुरुत्वमध्याकडे वळू. ॲब्लेट १८२ सेंटिमीटर, जड १८९. (आपल्याकडे १८२ ला कोणी बुटका म्हणणार नाही, पण त्या मैदानावर म्हणतात.) उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, म्हणजे ॲब्लेटचा १.०० मीटरवर आणि जडचा १.०४ मीटरवर. दोन्ही पाय फाकवून उभे असाल आणि कोणी ढकललं, तर खालचा गुरुत्वमध्य उपयोगी पडतो, हे खरं. पण पळताना जमिनीवर एकच पाय असतो, कधी तोही नसतो. तेव्हा शरीर म्हणजे उलटा लंबक. बोटावर काठी उभी तोलून पाहा, मग पेन्सिल. पेन्सिल आधी पडते, कारण पडायला लागणारा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. थोडक्यात, पळताना बुटका माणूस लवकर कलंडतो!

आणि नेमकं तेच कामाचं असतं. वळायचं तर आत झुकावंच लागतं. सेकंदाला ५ मीटर वेगाने ३ मीटर त्रिज्येचं वळण घ्यायचं आहे असं धरा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २५ भागिले ३, साधारण ८.३ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण केंद्राच्या दिशेने हवं. त्याला गुरुत्वत्वरणाने, ९.८ ने, भागलं की ०.८५ येतात. हा झुकावाच्या कोनाचा टॅन, म्हणजे कोन सुमारे ४० अंश. बुटाच्या खिळ्यांनी गवतात तेवढीच पकड धरायला हवी. या गणितात वस्तुमान नाही आणि उंचीही नाही. जड असो वा ॲब्लेट, झुकायचं तितकंच. हाच वेग ७ केला तर कोन ५९ अंशांवर जातो आणि ओल्या गवतावर माणूस आडवा होतो. म्हणून चांगला मिडफिल्डर वळण्याआधीच्या दोन पावलांत वेग मारतो.

उंचीचा फरक पडतो तो झुकायला लागणाऱ्या वेळेत, आणि तो फक्त २ टक्के. याउलट गुडघे वाकवून गुरुत्वमध्य १५ सेंटिमीटर खाली आणला तर ८ टक्के वेळ वाचतो. ते उंच माणसालाही जमतं.

मग पायांचा वेग? धावपटूचा वेग एकदम चढत नाही, कमाल मर्यादेकडे वाकत वाकत जातो. कमाल वेग सेकंदाला ९ मीटर धरा आणि तो चढण्याचा कालस्थिरांक, म्हणजे कमाल वेगाच्या साधारण ६३ टक्के गाठायला लागणारा वेळ, १.२ सेकंद. पहिल्या सेकंदात माणूस २.९ मीटर जातो. कमाल वेग ५ टक्क्यांनी वाढवला, तर पहिल्या सेकंदातली कमाई अवघी १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. आता पाय दोघांचे सारखेच ठेवा, पण एकाला पाव सेकंद आधी निघू द्या. तो २.९ मीटरवर असताना दुसरा १.७ मीटरवर असतो. अंतर सव्वा मीटरच्या आसपास, हात पुरेल न पुरेल इतकं. दोन सेकंदांनी ते पावणेदोन मीटरवर जातं आणि पुढे कमी होत नाही. पाव सेकंदाची किंमत ५ टक्के जादा वेगाच्या जवळपास आठपट!

हा पाव सेकंद चेंडू हातात येण्यापूर्वी मिळवायचा असतो. रकमनचा खांदा कुठे वळतोय, आपल्या मागचा माणूस कोणत्या पायावर भार देतोय, हे आधी टिपून चेंडू जिथे पडणार तिथे चालत्या पायाने पोचायचं. उभं राहून चेंडू घेतला की आघाडी संपली. दोघांकडेही ही दृष्टी होती, पण खर्च करायची तऱ्हा निराळी. जड तो वेळ मीटरांत खर्च करायचा. गर्दीतून सरळ बाहेर, चार-पाच पावलं, मग लांब किक. ॲब्लेट तो तिथेच खर्च करायचा. अर्धं वळून एकाला चुकवायचं, हँडबॉल द्यायचा आणि पुन्हा चेंडू घ्यायला पुढे हजर. पहिली तऱ्हा गॅलरीतल्या शेवटच्या रांगेतूनही दिसते. दुसरी समजायला तोच सामना दोनदा बघावा लागतो.

ब्राउनलोची मतं पंच देतात. प्रत्येक सामन्यानंतर ३, २, १. अंतिम फेऱ्यांचे सामने यात धरत नाहीत. २००९ मध्ये ॲब्लेट ३०, जड २२. २०१० मध्ये जड ३०, ॲब्लेट २६. पंच चेंडूपासून काही पावलांवर असतात, म्हणून या मोजमापात मिडफिल्डर उजळून दिसतात आणि बचावपटू झाकोळतात. ‘सार्वकालिक श्रेष्ठ’च्या याद्या करणारे हा कल क्वचितच वजा करतात. एकाच मोसमासाठी निवड करायची तर मी जड घेईन. दहा मोसमांसाठी डोळे मिटून ॲब्लेट, कारण २००७ ते २०१४ अशी सलग आठ वर्षं तो ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात होता.

राहिला रक्ताचा, म्हणजे वारशाचा मुद्दा. वडील गॅरी ॲब्लेट सीनियर यांनी हजारावर गोल केले, पण मुख्यतः गोलासमोर उभं राहून. मुलाचं काम गर्दीच्या तळाशी होतं. उंची वारशाने येते, पाव सेकंद आधी डोळा कुठे ठेवायचा हे येत नाही. ॲब्लेटला ‘लिटल मास्टर’ म्हणतात. ते बिरुद आपण ज्या दोन मुंबईकरांना दिलं, त्यांचीही अशीच ‘दैवी देणगी’ म्हणून बोळवण केली जाते. मग नेटमधल्या तासांचा हिशेब कोणी मांडत नाही.

या तंत्राची किंमतही मोजावी लागते. दिशा बदलताना रोवलेला पाय कंबरेच्या बाहेर पडतो. धड त्याच पायाकडे कललं आणि गुडघा आत कोसळला, तर सगळा पीळ गुडघ्यातल्या पुढच्या अस्थिबंधावर येतो. एरवी पकडला जाताना तोल हाताने सावरावा लागतो आणि भार खांद्यावर जातो. जडची कारकीर्द जून २०१५ मध्ये फाटलेल्या गुडघ्याच्या अस्थिबंधाने संपवली. ॲब्लेटचा खांदा जुलै २०१४ मध्ये टॅकलमध्ये निखळला आणि ऐन भरातला मोसम अर्ध्यावर तुटला. २०२० चा अंतिम सामना ब्रिस्बेनच्या गॅबावर झाला. तो त्याचा शेवटचा सामना. पहिल्याच क्वार्टरमध्ये खांदा पुन्हा दुखावला. चेंडू धरायला एक हात आणि ठोसा द्यायला दुसरा, दोन्ही लागतात. तो मैदानावर परतला आणि अखेरपर्यंत खेळला. जीलाँग ३१ गुणांनी हरलं.