कागदावर नॉर्मल

"घ्या, घ्या, अजून घ्या... आणि फुंका! फुंका फुंका फुंका, काका, सोडू नका!" फुंकायच्या मशीनपाशी बसणारी मुलगी ज्या जोशात ओरडत असते, तो कबड्डीच्या मैदानावर शोभेल. माझ्या मामाने तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं, आणि मशीनमधून कागद बाहेर आला. त्याच्या वयाच्या नि उंचीच्या निरोगी माणसाशी ताडून पाहिलेले दोन्ही आकडे नव्वदीच्या घरात. खाली शेरा: नॉर्मल.

मामा एसटीत ड्रायव्हर होता. तीस वर्षं बिडी, ती सुटून बारा वर्षं झालेली. सँडलचा वेल्क्रोचा पट्टा लावायला वाकला तरी धाप लागायची. आधी एका डॉक्टरांनी हृदय तपासून ठीक आहे म्हटलं होतं, दुसऱ्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. तो कागद हातात धरून मामा म्हणाला, "म्हणजे मी सोंग करतोय का?"

सोंग नव्हतं. त्याच्या छातीत एक सोडून दोन आजार होते आणि कागदावर त्या दोघांनी एकमेकांना खोडून काढलं होतं.

हे कसं होतं, ते समजायला मशीन काय मोजतं ते आधी बघू. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरवर दोन हजारांहून जास्त लोकांच्या श्वासाची मोजणी प्रसिद्ध केली. आजचं मशीन त्याचाच वंशज. त्यात मुख्य आकडे दोन: छाती भरून घेतलेला श्वास जोर लावून पूर्ण सोडला तर एकूण हवा किती निघते, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती निघते. सीओपीडीत, म्हणजे श्वासाच्या वाटेत कायमचा अडथळा आणणाऱ्या जुनाट आजारात, श्वासनळ्या अरुंद असतात, हवा रेंगाळत बाहेर येते, म्हणून पहिल्या सेकंदाचा वाटा घसरतो. नळ्या उघडणारा पंप (इन्हेलर) दिल्यानंतरही तो एकूण हवेच्या ७० टक्क्यांखाली राहिला तर अडथळा आहे असं धरतात. फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुप्फुसात व्रण होऊन ते कडक होतं तेव्हा, उलट घडतं. फुप्फुस फुगतच नाही, एकूण हवाच कमी. पण जेवढी असते तेवढी झटकन बाहेर येते.

एम्फिसीमा हा सीओपीडीचाच एक प्रकार. त्यात वायुकोशांच्या भिंती झिजून मोठाल्या पोकळ्या होतात. फुप्फुसाची अवस्था पायजम्यातल्या जुन्या इलॅस्टिकसारखी: ताणलं की ताणलं जातं, परत येत नाही. फायब्रोसिसचं फुप्फुस म्हणजे कांजी जास्त झालेलं धोतर. आता ही दोन्ही एकाच छातीत आली तर? सैल फुप्फुस जास्त हवा मावून घेतं, कडक फुप्फुस कमी. आकारमान जवळपास नेहमीच्या जागी येऊन बसतं. शिवाय श्वासनळ्या ज्या उतींच्या ताणावर उघड्या राहतात त्या मांडवाच्या दोरांसारख्या असतात. एम्फिसीमात दोर ढिले पडतात आणि उच्छ्वासाच्या वेळी नळी मिटते. फायब्रोसिस तेच दोर खेचून धरतो. नळी उघडी राहते, पहिल्या सेकंदाचा आकडाही सावरतो. एक आजार दुसऱ्याच्या खुणा पुसतो, पण माणसाला त्यातून तिळमात्र आराम नाही.

कारण हवा आत-बाहेर करणं हे फुप्फुसाचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ऑक्सिजन रक्तात पोहोचवणं. तिथे दोन्ही आजार एकाच बाजूने ओढतात: एकाने वायुकोशांच्या भिंतीच खाल्लेल्या, दुसऱ्याने उरलेल्या भिंती जाड केलेल्या. इथे वजाबाकी होत नाही. हे पाहणारी तपासणी वेगळी असते. ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा एका श्वासात घ्यायची, दहा सेकंद रोखायची आणि सोडायची. त्यातला किती वायू रक्ताने उचलला ते मोजतात. वायू विषारी खरा, पण एवढ्याशा मात्रेत धोका नसतो, आणि हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतं म्हणूनच तो मोजायला सोयीचा. ही युक्ती डेन्मार्कच्या मारी क्रोग यांची, १९१५ सालची. मामाचा हा आकडा अपेक्षेच्या ३८ टक्के आला.

सीटी स्कॅनमध्ये मग सगळं उघडं पडलं. वरच्या भागात काळी भोकं, तळाशी मधाच्या पोळ्यासारखी जाळी. या जोडीला २००५ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ६१ रुग्णांच्या अभ्यासातून स्वतंत्र नाव दिलं, त्याची इंग्रजी आद्याक्षरं सीपीएफई. रुग्ण सगळे धूम्रपान करणारे किंवा पूर्वी केलेले, जवळजवळ सगळे पुरुष. या जोडीत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाबही बऱ्याचदा वाढतो, त्यामुळे हृदयाची उजवी बाजू दमते आणि पाय सुजतात.

खरं तर सुगावा आधीच लागू शकला असता, तोही फुकटात. छातीच्या डॉक्टरांनी पाठीवर, अगदी तळाशी, स्टेथोस्कोप टेकवला आणि मामाला खोल श्वास घ्यायला सांगितलं. मग तो माझ्या कानाला लावून दिला. बारीक चर्रचर्र. ते म्हणाले, "यांच्या सँडलचा पट्टा काढून बघा." हुबेहूब तोच आवाज. पाठ्यपुस्तकांतही त्याला वेल्क्रोचा आवाजच म्हणतात.

मामासारखी खोडाखोड दर वेळी होते असं नाही. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या जोड्या वेगळ्या आहेत. टीबी औषधांनी बरा होतो, जंतू मरतात, पण फुप्फुसावर व्रण राहतात. नळ्या कायमच्या रुंदावतात आणि त्यात कफ साचत राहतो. हा ब्राँकिएक्टेसिस. भारतातल्या ३१ केंद्रांमधल्या २,१९५ रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात कारणांमध्ये टीबी पहिला होता, ३५.५ टक्के. अशा माणसाच्या घरात चुलीचा धूर असेल तर सीओपीडी वर चढते. बिडी-सिगारेटला हातही न लावलेल्या बाईला सीओपीडी कशी, हा प्रश्न अजून ऐकू येतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच मांडलं होतं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. तिसरी जोडी दमा आणि सीओपीडीची. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी आणि दम्याचे पावणेचार कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. एकाच घरात नव्हे, एकाच छातीत दोन्ही असणं हे नवल नाही.

टीबी होऊन गेलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला राहून राहून खटकते. छातीच्या फोटोत जुना डाग दिसला, खोकला वाढला, की "परत टीबी" म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू. डाग जन्माचा सोबती असतो. बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडले का, हे विचारायला लाजू नये.

खरी कसरत उपचारांत आहे. दोन आजार म्हणजे दोन औषधं, इतका सरळ हिशेब नसतो. स्टेरॉइडचंच घ्या. दम्यात पंपातलं स्टेरॉइड हा उपचाराचा कणा, ते सोडून नुसता नळ्या उघडणारा लांब पल्ल्याचा पंप ओढणं धोक्याचं. सीओपीडीत तेच स्टेरॉइड काहींनाच लागतं आणि न्यूमोनियाची शक्यता वाढवतं. नुसत्या ब्राँकिएक्टेसिसमध्ये ते सहसा देतच नाहीत. गोळीचंही तसंच. सीओपीडीचा झटका आला तर पाच दिवसांचा डोस उपयोगी पडतो. पण कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध एकत्र देऊन पाहिलं, तेव्हा मृत्यू वाढले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीतला तो भाग मध्येच थांबवावा लागला. आणि कबुतरांची विष्ठा-पिसं किंवा कूलरमधली बुरशी यांच्या ॲलर्जीने फुप्फुस सुजलं असेल, तर स्टेरॉइडच आधी आठवतं. फुप्फुसात सूज किंवा व्रण करणाऱ्या आजारांच्या, देशातल्या १९ शहरांमधल्या १,०८४ रुग्णांच्या नोंदीत हा ॲलर्जीचा प्रकार ४७ टक्के निघाला होता, म्हणजे बाब किरकोळ नाही. तेव्हा शेजारणीला ज्या गोळीने "लगेच बरं वाटलं" ती गोळी तिच्या आजाराची होती, तुमच्या नव्हे.

मामाला आता नळ्या उघडणारा पंप आहे आणि व्रण वाढण्याचा वेग कमी करणारं पिरफेनिडोन. झालेला व्रण त्याने पुसत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. या गोळीने मळमळतं, म्हणून ती भरल्या पोटी. शिवाय ऊन सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी लाल होते. आयुष्यभर उघड्या खिडकीशी कोपर टेकवून गाडी हाकलेला माणूस आता मार्चपासून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालून बसतो.

ऑक्सिजनच्या बाबतीत कोविडने आपल्याला अर्धवट शहाणं केलं. बोटाला लावायचं यंत्र घरोघरी आलं, आणि आकडा जितका वर तितकं चांगलं असा समज सोबत आला. सीओपीडीत ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांच्यासाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. घरच्यांनी मायेपोटी मशीनची कळ वाढवून ९८ केलं तर माणूस गुंगीत जाऊ शकतो. सकाळी डोकं दुखत उठणं ही त्याची एक खूण. फायब्रोसिसची खोड वेगळी. बसल्या जागी ९५ दिसतात, संडासापर्यंत जाऊन आलं की ८२. बसून मोजलेला आकडा अशा माणसाबद्दल फार थोडं सांगतो. म्हणून तीस मीटरच्या मोकळ्या पट्ट्यात सहा मिनिटं चालायला लावतात, बोटावर यंत्र ठेवूनच. मामा चौथ्या मिनिटाला भिंतीला टेकला. यंत्रावर ७९. त्याने बोट वर करून आधी मला दाखवलं, मग डॉक्टरांना. इतक्या समाधानाने वाईट बातमी दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

रोजचं जगणं मात्र पंप-गोळ्यांपेक्षा श्वासाच्या काटकसरीवर चालतं. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल. अंग पुसायची दगदग नको म्हणून सुती पंचा सरळ अंगाभोवती गुंडाळायचा. शर्ट बसून, आधी दोन्ही बाह्या, मग डोकं. बशीतला चहा फुंकताना करतो तसे ओठ करून हळू श्वास सोडायचा. आतला दाब थोडा टिकतो, नळ्या मिटत नाहीत. ही युक्ती एम्फिसीमाची. निव्वळ फायब्रोसिसवाल्याला तिचा फारसा उपयोग नाही, कारण त्याच्या नळ्या मिटतच नसतात. ब्राँकिएक्टेसिसवाल्यांची सकाळ आणखी वेगळी: वाफारा, मग आरशावर वाफ सोडतो तसे "हाऽ" करत जोराचे उच्छ्वास, आणि कफ बाहेर. खोकला दाबणारं औषध त्यांच्या उपयोगाचं नाही, कफ आत राहून कुजतो. फ्लूची लस दरवर्षी, आणि न्यूमोनियाचीही लस, सगळ्यांनाच.

आणि व्यायाम. धाप लागणाऱ्या माणसाला चाल म्हणणं क्रूर वाटतं, घरचे तर "तुम्ही बसा हो" म्हणून पाण्याचा तांब्याही हातात आणून देतात. पण पायांचे स्नायू बसून बसून रोडावले की तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतात. फुप्फुस सुधारत नाही. मांड्या सुधारतात, आणि मागणी घटते. मामा आठवड्यातून तीनदा ऑक्सिजन लावून व्हरांड्यात फेऱ्या मारतो, खुर्चीतून दहा वेळा उठतो-बसतो. मोजणी मोठ्याने करायला मी सांगितलं होतं, तर म्हणाला, श्वास उरला तर.

त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता दोन्ही आजारांची नावं ठळक लिहिली आहेत, आणि खाली: "फुंकायची टेस्ट नॉर्मल दिसेल, फसू नये." हे मामाच्याच अक्षरात. ऑक्सिजनच्या मशीनची नळी पंधरा मीटरची आहे. ती स्वयंपाकघरापर्यंत जाते, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाते, फाटकापर्यंत जात नाही. पेपर शेजारचा मुलगा शाळेला जाताना आत टाकतो.