तायक्वांदोची लाथ : मांडी थबकते तेव्हा

शाळांच्या स्नेहसंमेलनांत हल्ली तायक्वांदोचे प्रात्यक्षिक हमखास असते. अशाच एका कार्यक्रमात बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने विटांवर आडवी ठेवलेली मंगलोरी कौले टाचेच्या एका फटक्यात फोडली आणि ही ‘की’ नावाच्या गूढ आंतरिक ऊर्जेची किमया असल्याचे निवेदकांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले. मेहनत मुलीची होती, श्रेय मात्र परस्पर भलत्याच खात्यावर जमा झाले. त्या फटक्यामागे जे खरोखर घडते ते शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आवाक्यातले आहे आणि कोणत्याही गूढ ऊर्जेपेक्षा कितीतरी अधिक विलक्षण आहे, म्हणून हा लेख.

‘ताए’ म्हणजे पायाने प्रहार करणे, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. हा ‘दो’ ज्युदोमधल्या ‘दो’चाच कोरियन भाऊ आहे. ही कला दोन हजार वर्षे जुनी असल्याचे अनेक वर्गांच्या माहितीपत्रकांत छापलेले असते आणि पुराव्यादाखल गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याच्या काळातील थडग्यांमधल्या भित्तिचित्रांकडे बोट दाखवले जाते. पण भिंतीवर झुंजणारी दोन माणसे रंगवलेली आहेत, एवढ्यावरून आजच्या खेळाची वंशावळ सिद्ध होत नाही. कोरिया 1910 ते 1945 या काळात जपानच्या ताब्यात होता. त्या काळात जपानमध्ये शिकायला गेलेल्या अनेक कोरियन तरुणांनी तेथे कराटे आत्मसात केले आणि स्वातंत्र्यानंतर सोलमध्ये ‘क्वान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्या शिक्षणशाळा भरभराटीला आल्या, त्यांपैकी बहुतेकांच्या शिकवणुकीचा पाया या कराटेचाच होता. तायक्वांदो हे नाव 1955 साली पुढे आले आणि त्यामागे जनरल चोई होंग ही यांचा पुढाकार होता. पायाला हातापेक्षा वरचे स्थान देणे हे मात्र खास कोरियन वळण होय. ‘तेक्क्योन’ या जुन्या कोरियन पदक्रीडेशी त्याचे नाते सांगितले जाते. पुढे 1966 मध्ये चोई यांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि 1973 मध्ये आजची जागतिक संघटना असे दोन प्रवाह झाले. ऑलिम्पिकमध्ये दिसतो तो दुसरा प्रवाह. 1988 साली सोलमध्ये आणि 1992 साली बार्सिलोनात प्रात्यक्षिक खेळ म्हणून खेळला गेलेला तायक्वांदो 2000 सालच्या सिडनी ऑलिम्पिकपासून पदकाचा खेळ झाला.

आता मूळ मुद्दा. तायक्वांदोत सर्वाधिक वापरली जाणारी लाथ म्हणजे ‘डोल्यो चागी’, म्हणजेच बाजूने वळवून मारलेली लाथ. तिच्यात पायाचा वरचा भाग, म्हणजे चवडा आणि घोटा यांच्यामधली जागा, प्रतिस्पर्ध्याच्या बरगड्यांवर किंवा डोक्यावर आदळते. तरबेज खेळाडूंच्या मोजमापांत पावलाचा वेग सेकंदाला 15 मीटरच्या आसपास आढळतो, म्हणजे ताशी सुमारे 54 किलोमीटर. हा वेग मांडीच्या स्नायूंच्या ताकदीतून येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ताकद लागते हे खरेच, पण मांडी स्वतः कधीच एवढ्या वेगाने फिरत नाही. मग पावलाला हा वेग येतो कोठून?

नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो गुडघा आधी दुमडून वर आणण्याचा. याचे कारण जडत्व आघूर्णात आहे. फिरणाऱ्या वस्तूला गती देणे किती कठीण आहे, हे तिच्या वस्तुमानाइतकेच ते वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे यावर अवलंबून असते आणि तेही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. पाय सरळ असताना पोटरी आणि पाऊल यांचा वस्तुमानमध्य खुब्यापासून साधारण 65 सेंटीमीटरवर असतो असे मानू या. गुडघा दुमडला की तोच 35 सेंटीमीटरवर येतो. अंतर जवळपास निम्मे झाले, पण खुब्याभोवतीच्या जडत्व आघूर्णातला या भागाचा मुख्य वाटा एक तृतीयांशाहूनही कमी झाला. तेवढ्याच ताकदीत मांडी आता कितीतरी लवकर वेग घेते.

त्याआधी जमिनीवरच्या पायाने आपले काम केलेले असते. टेकलेल्या पायाचा चवडा मॅटवर वळतो, टाच प्रतिस्पर्ध्याच्या दिशेला येते आणि मॅटच्या घर्षणाच्या आधाराने कंबर फिरते. टाच वळली नाही तर हा सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा असल्याने त्याला पीळ सोसत नाही. प्रशिक्षक टाचेवरून इतके ओरडतात, त्याचे कारण हे आहे.

कंबर फिरते, तिच्यामागून मांडी झेपावते आणि मग तो क्षण येतो ज्यासाठी मी संथ गतीतली चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहतो. लाथ लागण्याच्या किंचित आधी मांडीचा वेग एकदम घटतो आणि त्याच वेळी गुडघ्याखालचा भाग झपाट्याने उलगडत पुढे फेकला जातो. गोफण फिरवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातापेक्षा गोफणीतला दगड नेहमीच वेगवान असतो आणि बाहेर झेपावू पाहणारा तो दगड दोरी ताणून धरतो. फिरणाऱ्या मांडीच्या टोकाला लोंबकळणारी दुमडलेली पोटरीही तशीच बाहेर उघडू पाहते.

पाठ्यपुस्तकी भाषेत, मांडी आणि पोटरी हे एकमेकांना जोडलेले दोन लंबक आहेत. बरीच वर्षे असे समजले जाई, की खेळाडू मांडीला स्नायूंनी ब्रेक लावतो आणि त्या ब्रेकमुळे मांडीचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, पोटरीकडे जातो. लाथेच्या गतीचे गणिती विश्लेषण झाल्यावर कारणाची दिशा बरीचशी उलटी निघाली. गुडघा सरळ करणारे स्नायू पोटरीला पुढे ढकलतात, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मांडीला मागे ढकलले जाते. शिवाय वेगाने फिरणाऱ्या पोटरीला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल गुडघ्यातून पुरवले जात असल्याने तिचा उलट ओढाही मांडीला सोसावा लागतो. म्हणजे मांडी थांबते म्हणून पोटरी सुटते, असे म्हणण्यापेक्षा पोटरी सुटते म्हणून मांडी थबकते, असे म्हणणे अधिक बरोबर ठरते. गुडघा उघडण्याची वेळ म्हणूनच निर्णायक असते. तो फार लवकर उघडला, तर अजून वेग न घेतलेल्या मांडीवर लांब पायाचे ओझे पडते. फार उशिरा उघडला, तर पाऊल पूर्ण वेगात येण्याआधीच लक्ष्यावर पोहोचते. हे वाक्य पहिल्या वाचनात निसटले, तर उभे राहून अगदी सावकाश एक लाथ मारून पाहावी. ती हवेत पूर्ण जोराने मात्र मारू नये, कारण समोर अडवणारे काही नसले की उघडणाऱ्या गुडघ्याला आवरण्याचे सारे काम मांडीमागच्या स्नायूंवर पडते.

कौलांचे कोडे याहून सोपे आहे. वरून फटका बसला की कौल वाकते. त्याचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. भाजलेली माती दाब सोसते, पण ताण सोसत नाही, म्हणून तडा खालून वर जातो. ‘क्योकपा’ म्हणजे फोडण्याच्या प्रात्यक्षिकांत लाकडी फळ्या वापरतात तेव्हा त्या धाग्यांच्या दिशेने चिरतील अशाच धरलेल्या असतात. त्याच फळीचे धागे आधारापासून आधारापर्यंत जातील अशी ती धरली, तर ती भल्याभल्यांना दाद देणार नाही. जाडी दुप्पट झाली की लागणारे बल सुमारे चौपट होते, पण दोन फळ्यांमध्ये फट ठेवली तर त्या एकामागून एक तुटतात. अशा फटी ठेवलेल्या चळतीसमोर डोळे मिटून ऊर्जा गोळा करण्याचे नाटक ज्यांना करायचे आहे, त्यांनी फटी काढून तेच करून दाखवावे. कचरणाऱ्याचा हात दुखतो, कारण फळी न तुटता परत येणारा सगळा मारा त्याच्या हाताला सोसावा लागतो. धीर हवा तो यासाठी, आणि त्या मुलीकडे तो होता.

मैदानावर मात्र या सुंदर लाथेचे वेगळेच झाले. पूर्वी कोपऱ्यांत बसलेले पंच बटण दाबून गुण देत आणि त्यावरून भांडणे होत. 2012 सालच्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विद्युत संवेदक बसवलेले ‘होगू’ हे छातीचे कवच आले. पायातल्या खास मोज्यांची चाहूल होगूला लागली आणि आघात त्या वजनगटासाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असला, तरच गुण नोंदवला जातो. वाद कमी झाले. पण मर्यादा ओलांडली की पुरे, हे खेळाडूंच्या लगेच ध्यानात आले. पुढचा पाय उचलून हवेत तसाच धरायचा आणि तलवारबाजीप्रमाणे टोचत राहायचे, अशी शैली फोफावली. तिच्यात कंबर फिरत नाही आणि मांडी थबकायचा प्रश्नच येत नाही. जुन्या खेळाडूंची तिच्यावरची नाराजी मला पटते.

यावर उपाय म्हणून गुणांची किंमत बदलत गेली. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळच्या नियमांत छातीवरच्या साध्या लाथेला 2 आणि डोक्यावरच्या लाथेला 3 गुण होते. शरीर गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला त्याच ठिकाणी अनुक्रमे 4 आणि 5 मिळत. पाऊल पुरेशा जोराने लागले का, हे मोजे आणि कवच आपसांत ठरवतात. खेळाडू त्याआधी खरोखर फिरला होता का, हे कळण्याची सोय त्यांच्यात नाही; गिरकीचे जादा गुण देण्यासाठी पंचांच्या हातात बटण ठेवावेच लागले आहे.