नावात फिंच, पण फिंच नाहीच: गुलाबी शेपटीच्या पक्ष्याची गोष्ट

प्रेझवाल्स्की म्हटलं की बहुतेकांना त्याच्या नावाचा रानटी घोडा आठवतो, पण त्याच माणसाच्या नावाचा एक चिमणीएवढा पक्षीही आहे, प्रेझवाल्स्कीचा फिंच (फिंच म्हणजे जाड चोचीचे, दाणे खाणारे छोटे पक्षी), आणि त्याची भानगड घोड्यापेक्षा भारी आहे. तिबेटच्या पठाराच्या पूर्वेकडे, म्हणजे चीनच्या छिंगहाय, गान्सू, सिचुआन भागात, साधारण 3000 मीटरच्या वर जिथे झाडं संपून नुसती काटेरी खुरटी झुडपं उरतात, तिथे हा राहतो. नराचा गळा अन् छाती गुलाबी, पाठ तपकिरी रेघांची, लांब शेपटी आणि तिच्या कडाही गुलाबी. मादी अगदीच साधी.

प्रेझवाल्स्की रशियन सैन्यातला अधिकारी, 1870 ते 1873 मध्ये मंगोलिया, गोबी करत पार तिबेटच्या पठारावर जाऊन आला. सोबत पिल्ट्सोव नावाचा तरुण अधिकारी होता. 1876 मध्ये प्रेझवाल्स्कीने या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि शास्त्रीय नावात या सोबत्याचं नाव घातलं, पिल्झोवी. इंग्रजीत मात्र नाव साहेबाचंच चिकटलं!

पुढे घोळ सुरू झाला. कुणी म्हणालं हा भारीट (इंग्रजीत बंटिंग), कुणी रंग बघून रोझफिंच म्हणजे गुलाबी फिंचांमध्ये टाकला. पण पंख उघडून पिसं मोजली की गणित बिघडतं. भारीट आणि फिंच लोकांच्या पंखात टोकाकडची मोठी पिसं नऊच दिसतात, दहावं असतं पण इतकं खुरटलेलं की शोधावं लागतं. ह्याचं दहावं मात्र चांगलं वाढलेलं. डोमानिएव्स्की नावाच्या पोलिश अभ्यासकाने 1918 मध्येच ह्याला वेगळं कुळ देऊन टाकलं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही, पुस्तकात तो इकडून तिकडे फिरतच राहिला.

मग 2000 मध्ये डीएनए तपासला तर खरंच, हा भारीटही नाही आणि फिंचही नाही, आणि 2016 च्या अभ्यासात तर जवळचे नातेवाईक निघाले सुगरण आणि मुनियांचा गोतावळा! आता उरोसिन्क्रामिडी ह्या कुळात हा एकटाच. एक पीस नीट मोजलं असतं तर ऐंशी वर्षं वाचली असती असं मला वाटतं, पण गुलाबी रंग दिसला की पिसं कोण मोजतंय. बऱ्याच ठिकाणी नाव अजून फिंचच आहे.