ब्रह्महृदय म्हातारं की तरणं?

औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार म्हटल्यापासून आमच्या परभणीकडं आकाशाच्या गप्पांना जोर आलाय. त्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ज्या ताऱ्यावर डाग, वादळं, क्ष-किरण जास्त, तो तारा तरुण. हे अर्धंच खरं आहे.

सूर्यासारखे तारे जन्मतात तेव्हा जोरात फिरतात. हे फिरणं आणि पोटातलं उकळणं मिळून चुंबकत्व तयार होतं. ताऱ्याचा वारा, म्हणजे त्याच्यातून सतत उडणारे कण, त्या चुंबकत्वाला धरून बाहेर पडतो आणि जाताना फिरकी थोडी थोडी काढून नेतो. खगोलशास्त्रज्ञ स्कुमानिच यांनी १९७२ मध्ये दाखवलं की फिरण्याचा वेग वयाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. म्हणून वय वाढेल तसं ताऱ्याचं चुंबकत्व आणि त्यातून होणारी डाग-वादळांची खळबळ मंदावते.

आता थंडीत रात्री उत्तरेला उंचावर पिवळसर चमकणारं ब्रह्महृदय (कॅपेला) बघा. ४३ प्रकाशवर्षांवरचा हा ठिपका म्हणजे १०४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारणारे दोन तारे. दोघांचंही वस्तुमान सूर्याच्या अडीच पटींच्या आसपास, दोघंही फुगलेले राक्षसी तारे, आणि चुंबकीयदृष्ट्या दोघंही जागे. ठोकताळा लावला तर दोघं पोरं ठरतील.

खरी साक्ष देतं लिथियम. वर्णपटात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यात, ६७०.८ नॅनोमीटरवर त्याची बारीक काळी रेघ असते. साधारण २५ लाख अंश तापमानाला लिथियम प्रोटॉनशी भिडून हेलियम होऊन जातं. अडीच सूर्यांएवढ्या ताऱ्याच्या तारुण्यात वरचा भाग फारसा ढवळत नाही, म्हणून लिथियम फक्त वरच्या पातळ थरात टिकतं. खाली ते कधीच संपलेलं असतं. गाभ्यातला हायड्रोजन संपला की तारा फुगतो, पृष्ठभाग निवतो आणि उकळणं खोलवर उतरत जातं. रश्श्यात पळी तळापर्यंत फिरवली की वरची तर्री फिकी पडते, तसं लिथियम विरळ होतं. ब्रह्महृदयाच्या जोडीत थोड्या गरम ताऱ्याकडं लिथियम भरपूर आहे, दुसऱ्याकडं त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. म्हणजे पहिल्याचं ढवळणं आत्ता कुठं सुरू झालंय. दुसरा ते उरकून गाभ्यात हेलियम जाळतोय. वस्तुमानातला फरक जेमतेम तीन-चार टक्के, पण जो जड तो पुढं निघून गेला.

गंमत पुढंच आहे. मागं राहिलेला, लिथियम भरपूर असलेला तारा साडेआठ-नऊ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. तारुण्यात उकळणारा थर नव्हता, म्हणून चुंबकत्व क्षीण, म्हणून ब्रेक लागलाच नाही. आता थर उकळू लागला, फिरकी शिल्लक होतीच, आणि चुंबकत्व उतारवयात पेटलं. जोडीच्या अतिनील प्रकाशातला मोठा वाटा याचाच.

यात वर्षं आणि अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात. ब्रह्महृदय सुमारे ६० कोटी वर्षांचं, सूर्य ४६० कोटींचा. तरी म्हातारपण आधी आलं ब्रह्महृदयाला, कारण जड तारा इंधन उधळतो. (ताऱ्यांवरून माणसाचं भविष्य सांगणाऱ्यांना एकदा ताऱ्याचंच वय विचारून बघा.)

लिथियमवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. डाग थंड असतात आणि थंड जागी ही रेघ जास्त गडद उमटते. त्यामुळे डागाळ ताऱ्यावर लिथियम आहे त्यापेक्षा जास्त भासू शकतं. डागांनी किती भाग व्यापलाय हे आधी काढून मगच रेघ मोजावी लागते.