गणिताचे लोकप्रियीकरण

गणितातील कल्पना, त्यांमागचे युक्तिवाद आणि त्यांचा इतिहास गणिताचे खास शिक्षण नसलेल्या वाचकापर्यंत नेण्याचा उद्योग. पुस्तके, नियतकालिकांतील सदरे, व्याख्याने, प्रदर्शने आणि अलीकडे चित्रफिती ही त्याची साधने. पाठ्यपुस्तकाला विद्यार्थ्याच्या हाताला वळण लावायचे असते. येथे उदाहरण सोडवलेच पाहिजे अशी सक्ती नसते. प्रश्न कुणाला आणि का पडला, घोडे कुठे अडले आणि उत्तर पटते ते कशाच्या जोरावर, एवढे वाचकाला उमगले तरी पुरे.

इतर विज्ञानांच्या प्रसारापेक्षा हे काम अवघड आहे. शनीची कडी दुर्बिणीतून दिसतात, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मूळ संख्या अनंत आहेत हे मात्र कोणत्याही उपकरणातून दिसत नाही. ते पटवूनच द्यावे लागते. शिवाय गणितात मागचा धागा सुटला की पुढचे सगळे अधांतरी. त्यामुळे लेखकाला दोन पळवाटा खुणावतात. एक म्हणजे गणित बाजूला ठेवून गणितज्ञांच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगणे. दुसरी म्हणजे ‘हा सिद्धांत फार सुंदर आहे’ असे सांगून पुढे सरकणे. निदान एक सिद्धता, लहानशी का होईना, वाचकापर्यंत अखंड पोचली का, हीच अशा लेखनाची खरी कसोटी मानायला हवी.

जुनी परंपरा

भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीचा (११५०) ‘लीलावती’ हा भाग काटेकोरपणे पाहता पाठ्यपुस्तकच आहे, पण त्यातली उदाहरणे पद्यात आहेत आणि त्यांत भुंगे, कमळे, मोर, साप असा सारा गोतावळा येतो. एक उदाहरण असे : सपाट जमिनीवरचा ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर वेळू किती उंचीवर मोडला? उभा राहिलेला भाग, जमीन आणि तिरका पडलेला भाग मिळून काटकोन त्रिकोण होतो. तिरक्या आणि उभ्या भागांच्या वर्गांतला फरक १६ चा वर्ग, म्हणजे २५६. वर्गांतला फरक म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी, आणि दोन भागांची बेरीज तर ३२ ठाऊकच आहे. २५६ ला ३२ ने भागले की वजाबाकी ८ येते. म्हणून भाग २० आणि १२. वेळू १२ हातांवर मोडला. चीनमधील ‘नऊ प्रकरणे’ या प्राचीन गणितग्रंथातही मोडलेल्या बांबूचे असेच उदाहरण आहे, फक्त आकडे वेगळे.

सोळाव्या शतकात रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्याने लॅटिन न येणाऱ्या लोकांसाठी इंग्रजीत गणित लिहिले. त्याचे अंकगणिताचे पुस्तक (१५४३) गुरु-शिष्याच्या संवादाच्या रूपात आहे. बरोबरीचे ‘=’ हे चिन्हही त्याचेच (१५५७). ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा टाळण्यासाठी त्याने दोन समांतर रेघा वापरल्या, कारण त्यांच्याहून सारख्या अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत असे त्याचे म्हणणे. सामान्य वाचक ज्या चिन्हांना बिचकतो असे प्रकाशक आज मानतात, त्यांतले सर्वांत ओळखीचे चिन्ह सामान्य वाचकांसाठी लिहिणाऱ्यानेच शोधून काढावे, ही गंमतच.

लेओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७६० ते १७६२ या काळात एका जर्मन राजकन्येला लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे १७६८ ते १७७२ दरम्यान प्रसिद्ध झाली. त्यांत भौतिकी आणि तत्त्वज्ञानच जास्त. तर्कशास्त्र समजावताना मात्र त्याने एकात एक किंवा एकमेकांना छेदणारी वर्तुळे काढली, आणि ‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’ या विधानांचा गुंता चित्रावरून सुटू लागला.

याच ऑयलरच्या नावे असलेला कोनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न (१७३६) लोकप्रिय लेखनात हमखास येतो, आणि तो मान त्याचा हक्काचाच आहे. नदीमुळे शहराचे चार भूभाग झाले होते, त्यांना जोडणारे पूल सात. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का? एखाद्या भूभागात आपण एका पुलावरून शिरतो आणि दुसऱ्यावरून बाहेर पडतो. म्हणजे पूल जोडीजोडीने खर्ची पडतात. एखाद्या भूभागाला विषम संख्येने पूल असतील, तर तिथे फेरी सुरू तरी झाली पाहिजे किंवा संपली तरी पाहिजे. सुरुवात एक, शेवट एक. म्हणून असे भूभाग फार तर दोन चालतील. कोनिग्सबर्गमध्ये चारही भूभागांना विषम पूल होते, एकाला पाच आणि बाकीच्यांना तीन-तीन. फेरी अशक्य. एवढीच सिद्धता. सूत्र नाही, आकडेमोड नाही, तरी एक अक्षर कमी पडत नाही. आलेख सिद्धांत ही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचा अभ्यास करणारी गणिताची शाखा येथून सुरू झाली असे मानतात.

विसावे शतक

१९३६ मध्ये लॅन्सलॉट हॉग्बेन या प्राणिशास्त्रज्ञाचे ‘मॅथेमॅटिक्स फॉर द मिलियन’ हे जाडजूड पुस्तक आले आणि हातोहात खपले. पंचांग, नौकानयन, मोजणी, व्यापार अशा गरजांतून गणित कसे उगवले, हा त्याचा सूर. जी. एच. हार्डी या इंग्रज गणितज्ञाला हा सूर मुळीच मान्य नव्हता. १९४० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याने खऱ्या गणिताचे मोल उपयुक्ततेत नसून सौंदर्यात आहे असे मांडले, आणि समजावून सांगणे हे दुय्यम दर्जाच्या बुद्धीचे काम ठरवले. पण त्याच निबंधात त्याने मूळ संख्या अनंत असल्याची आणि २ चे वर्गमूळ अपरिमेय असल्याची अशा दोन सिद्धता सामान्य वाचकासाठी इतक्या नेटकेपणे मांडल्या आहेत की या दुय्यम कामाचा तो वस्तुपाठच ठरला.

रशियात याकोव्ह पेरेलमानने कोडी आणि रंजक उदाहरणांतून अंकगणित, बीजगणित, भूमिती घरोघरी नेली. लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४२ साली त्याचा मृत्यू झाला. १९७० मध्ये रशियातच ‘क्वांत’ हे मासिक निघाले. त्याच्या संस्थापकांत आंद्रेई कोल्मोगोरोव्हसारखा पहिल्या रांगेतला गणितज्ञ होता. हार्डीच्या शेऱ्याला याहून चांगले उत्तर शोधून सापडणार नाही.

या क्षेत्रात सर्वांत मोठा वाटा मात्र मार्टिन गार्डनरचा. त्याची पदवी तत्त्वज्ञानाची. ‘सायंटिफिक अमेरिकन’मधले त्याचे गणिती खेळांचे सदर जानेवारी १९५७ पासून सुमारे पाव शतक चालले. आपल्याला विषय समजायलाच इतका वेळ लागतो की तो वाचकाला कसा सांगावा हे आपोआप कळते, अशा आशयाचे तो सांगत असे. ऑक्टोबर १९७० च्या अंकात त्याने जॉन कॉनवे या इंग्रज गणितज्ञाचा ‘लाइफ’ हा खेळ मांडला. चौकटींच्या जाळीवर जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती टिकते, मृत चौकटीला बरोबर तीन असतील तर ती जिवंत होते; बाकी सर्व चौकटी मृत. इतक्या तुटपुंज्या नियमांतून उमटणाऱ्या आकृत्यांनी संगणक हाताळणाऱ्यांना वेड लावले. ऑगस्ट १९७७ मध्ये याच सदरातून आरएसए ही कूटलेखनाची पद्धत प्रथम जगापुढे आली. तिच्या जनकांचा रीतसर शोधनिबंध पुढच्या वर्षी छापला गेला. सदरात १२९ अंकी संख्येवर आधारलेला एक गुप्त संदेश दिला होता आणि तो उलगडणाऱ्याला १०० डॉलरचे बक्षीस होते. इंटरनेटवरून एकत्र आलेल्या शेकडो स्वयंसेवकांनी १९९४ मध्ये त्या संख्येचे अवयव पाडले आणि संदेश उलगडला.

इतिहासाचा आधार आणि त्यातले धोके

गणिताची भीती घालवायला इतिहासासारखे साधन नाही. ऋण संख्या पचत नाहीत म्हणून स्वतःला कमी समजणाऱ्या वाचकाला सांगता येते की फ्रान्सिस मॅसेरेस या इंग्रज गणितज्ञाने १७५८ मध्ये त्यांच्याविरुद्ध अख्खा प्रबंध लिहिला होता. याउलट ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम घालून दिले होते, आणि तरीही शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे त्याने लिहून ठेवले. आज शाळेत एका ओळीत उरकल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी मोठमोठ्यांना शतकानुशतके झगडावे लागले, हे कळले की पुस्तकातली ओळ आकाशातून पडल्यासारखी वाटत नाही.

मात्र इतिहासाच्या नावाखाली दंतकथाही भरपूर खपतात. गाउस या जर्मन गणितज्ञाने लहानपणी १ ते १०० ची बेरीज क्षणात केल्याची गोष्ट सर्वांना पाठ असते. तिचा आधार म्हणजे गाउसच्या मृत्यूनंतर १८५६ मध्ये त्याचा मित्र सार्टोरियस याने लिहिलेले चरित्र. त्यात शाळेतल्या बेरजेचा प्रसंग आहे, पण १ ते १०० हे आकडे नाहीत, की जोड्या लावून १०१ गुणिले ५० करण्याची युक्तीही नाही. ते तपशील नंतरच्या लेखकांनी घातले. एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच गणितज्ञाने द्वंद्वाच्या आदल्या रात्री आपला सारा सिद्धांत लिहून काढला, ही कथा ई. टी. बेलच्या १९३७ च्या चरित्रसंग्रहामुळे जगभर गेली. वस्तुतः गाल्वाचे काही लेख आधीच छापून आले होते, आणि फ्रेंच अकादमीकडे त्याने एकाहून अधिक वेळा निबंध धाडले होते. मे १८३२ च्या त्या रात्री त्याने पत्र लिहिले आणि जुन्या हस्तलिखितांवर दुरुस्त्या केल्या. बेलचे पुस्तक वाचून कित्येक जण गणिताकडे वळले हे खरे, पण त्यामुळे ती कथा खरी ठरत नाही. भास्कराचार्यांची मुलगी मानल्या जाणाऱ्या लीलावतीचेही तेच. ग्रंथातले प्रश्न तिला उद्देशून आहेत. परंतु घटिकापात्रात मोती पडून मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकल्याची कहाणी येते ती अकबराच्या दरबारातील फैजी या कवीच्या १५८७ च्या फार्सी भाषांतरात, म्हणजे सव्वाचारशे वर्षांहूनही नंतर.

दुसरी खोट श्रेय देण्याची. पाय या संख्येची जी अनंत श्रेणी बराच काळ ग्रेगरी आणि लायब्नित्स यांच्या नावे सांगितली जात होती, ती त्यांच्याआधी दोनेक शतके केरळच्या माधवाच्या परंपरेत माहीत होती. पास्कलचा म्हणून ओळखला जाणारा संख्यांचा त्रिकोणही पास्कलच्या कितीतरी आधी भारत, इराण आणि चीन येथे वापरात होता.

सोपे करणे आणि चुकीचे करणे

स्टीफन हॉकिंगने विश्वाविषयीच्या आपल्या १९८८ च्या पुस्तकात नमूद केले आहे की प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल असे त्याला कुणीतरी बजावले होते. म्हणून त्याने एकच समीकरण ठेवले. हा सल्ला पुढे जणू नियमच होऊन बसला. पण चिन्हे काढली की गणित सोपे होते हा समज फारसा टिकत नाही. नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीने बीजगणित एकही चिन्ह न वापरता, संख्यासुद्धा शब्दांत लिहून मांडले होते. त्याचे एखादे वाक्य आजच्या वाचकासमोर ठेवून पाहावे. त्याच्या वर्गसमीकरणाच्या उकलीचा अर्थ पटकन कळतो तो चौरस पुरा करण्याच्या त्याच्या आकृतीवरून. अडथळा चिन्हाचा नसतोच. ओळख करून न देता चिन्ह पुढ्यात टाकण्याचा असतो.

उलट बाजूची चूक जास्त महागात पडते. १ + २ + ३ + … ही अनंत बेरीज उणे एक-बारांश भरते असे सांगणारी एक चित्रफीत २०१४ मध्ये लाखोंनी पाहिली आणि गणितज्ञांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. बेरजा करत गेले तर १, ३, ६, १० असे आकडे वाढतच जातात, कोणत्याही ऋण अपूर्णांकाजवळ फिरकत नाहीत. उणे एक-बारांश ही झीटा या फलाची (फंक्शनची) विस्तारित व्याख्येनुसार येणारी किंमत आहे, आणि त्या व्याख्येशिवाय बरोबरीचे चिन्ह तिथे टाकणे म्हणजे वाचकाला चकवणे. विस्मय साधला, पण बेरीज म्हणजे काय याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात आधी जे नीट होते तेही विस्कटले.

संस्था आणि उपक्रम

कायम गणितालाच वाहिलेली संग्रहालये जर्मनीतील गीसन (२००२) आणि न्यू यॉर्क (२०१२) येथे आहेत. आंतरराष्ट्रीय गणित संघाने गणितप्रसारासाठी लीलावती पुरस्कार ठेवला असून तो पहिल्यांदा २०१० मध्ये हैदराबादच्या परिषदेत दिला गेला. युनेस्कोने २०१९ मध्ये १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला.

वाचकांची भर

एकाच बहिर्वक्र पंचकोनाच्या प्रतींनी प्रतल न फटी ठेवता कसे भरता येते, यावर गार्डनरने जुलै १९७५ मध्ये लिहिले. अशा पंचकोनांचे आठच प्रकार आहेत असे तोवर मानले जात होते. लेख वाचून एका वाचकाने नववा प्रकार कळवला. त्यानंतर शाळेपुरतेच गणित शिकलेल्या मार्जरी राइस या गृहिणीने स्वतःची चिन्हपद्धती तयार करून आणखी चार प्रकार शोधले. एकंदर प्रकार १५ असल्याची सिद्धता २०१७ मध्ये संगणकाच्या साह्याने मांडली गेली.

फरशीचा आणखी एक प्रश्न अनेक दशके लोंबकळत होता : प्रतल भरेल, पण नक्षीची नियमित पुनरावृत्ती कधीच होणार नाही, असा एकच आकार आहे का? इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ या निवृत्त मुद्रण-तंत्रज्ञाला २०२२ च्या अखेरीस तेरा बाजूंचा असा आकार सापडला. कागदाचे तुकडे कापून तो जुळवून पाहत होता. मार्च २०२३ मध्ये तीन सहकाऱ्यांसह त्याने सिद्धता प्रसिद्ध केली. त्या आकाराच्या काही प्रती उलट्या करून, आरशातल्या प्रतिमेसारख्या बसवाव्या लागतात, मग तो ‘एकच’ कसा, असा आक्षेप लगेच आला. तेव्हा चौघांनी मे महिन्यात उलटी प्रत न लागणारा दुसरा आकार पुढे ठेवला.