फाटकात उभी मालगाडी आणि १०० रुपयांचा दंड

मालगाडी फाटकात अडकली की मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात एकच संताप ऐकू येतो: ‘त्या ड्रायव्हरवर केस का करत नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. कायद्यात तशी तरतूदही आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १७६ प्रमाणे रेल्वे कर्मचाऱ्याने गरज नसताना सार्वजनिक रस्त्यावर डबे उभे राहू दिले किंवा फाटक लोकांसाठी बंद ठेवले, तर तो गुन्हा आहे. शिक्षा आहे जास्तीत जास्त १०० रुपये दंड.

हे कलम इंग्रजांच्या काळातले आहे. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यात कलम १०४ म्हणून ते जवळपास याच शब्दांत होते आणि दंड होता २० रुपये. सुमारे १०० वर्षांनी संसदेने नवा कायदा केला, तेव्हा २० चे १०० झाले, बाकी मजकूर कायम राहिला. त्या काळात २० रुपये गेटमनला किंवा ड्रायव्हरला चांगलेच झोंबले असते. आजचे १०० रुपये कुणाला झोंबणार? माझा मुख्य आक्षेप मात्र रकमेवर नाही. कलमात दोषी म्हणून फक्त ‘रेल्वे कर्मचारी’ आहे, रेल्वे प्रशासन नाही. गाडी फाटकात का थांबते हे पाहिले की यातला अन्याय कळतो.

१८९० चा कायदा झाला तेव्हा मनमाड ते हैदराबाद हा मार्ग अस्तित्वात नव्हता. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे नावाचा हा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे रेल्वेने जोडली गेली. मुलूख निजामाचा होता, पण रेल्वेच्या जमिनीवरचा न्यायाधिकार निजामाने ब्रिटिशांकडे दिलेला होता. रुळांच्या आत एक कायदा आणि कुंपणापलीकडे दुसरा, अशी ती विचित्र स्थिती होती. या अधिकाराची हद्द ठरवणारा एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला. १८९७ मध्ये निकाल लागला, की ब्रिटिशांचा हा अधिकार रेल्वेच्या कामापुरताच आहे, इतर गुन्ह्यांसाठी त्याच्या आधारे निजामाच्या प्रजेला अटक करता येणार नाही.

रूळ टाकले गेले ते गावाबाहेरून, शेतांमधून. जमीन मोकळी होती, रस्ते बैलगाडीचे होते, गाड्या मोजक्या आणि आखूड होत्या. तिथे पूल बांधायचा विचारही कुणाच्या मनात आला नसेल, फाटक पुरेसे होते. पुढे गावे रूळ ओलांडून वाढली. आजच्या छत्रपती संभाजीनगरात जुने शहर रुळांच्या उत्तरेला आणि सातारा–देवळाईची मोठी वस्ती दक्षिणेला, अशी विभागणी झाली. शिवाजीनगरच्या फाटकाने लोकांचा किती वेळ खाल्ला आणि तिथल्या भुयारी मार्गासाठी किती वर्षे पाठपुरावा करावा लागला, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. साखर कारखाने सुरू झाले की बऱ्याच फाटकांवर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन उभे राहतात. त्यांच्या मागे एखादी रुग्णवाहिका अडकली तर तिला मागे वळायलाही जागा नसते.

१९९० च्या दशकात ब्रॉडगेज आले. त्यासाठी मराठवाड्याने मोठा लढा दिला होता, आणि त्याचा फायदाही झाला. पण ब्रॉडगेजबरोबर लांब मालगाड्या आल्या. आज पूर्ण लांबीची मालगाडी साडेसहाशे मीटरच्या पुढे जाते. लूप लाइनची, म्हणजे गाडी बाजूला थांबवायच्या जादा रुळाची, प्रमाणित लांबीच ६८६ मीटर धरलेली आहे. जुनी लूप लाइन वाढवायची तर यार्डाचे टोक बाहेर, म्हणजे फाटकाच्या दिशेने सरकते. लूप लाइन आखूड राहिली तर गाडीचे शेवटचे वाघीण डबे फाटकात राहतात. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा कोळसा, सिमेंट, खत, धान्य, सगळे अशाच गाड्यांनी येते.

त्यात मार्ग एकेरी. परभणी ते मुदखेड दुहेरीकरण झाले, मनमाडजवळच्या अंकाई ते संभाजीनगर या सुमारे ९८ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला मंजुरी मिळाली, पण संभाजीनगर–जालना–परभणी पट्ट्यात गाड्या आजवर एकाच रुळावरून ये-जा करत आल्या. समोरून एक्सप्रेस येत असेल तर मालगाडीला बाजूला थांबावेच लागते. किती वेळ, ते ड्रायव्हर ठरवत नाही. ते विभागीय नियंत्रण कक्षात ठरते.

म्हणून तापलेल्या गर्दीने इंजिनात बसलेल्या लोको पायलटकडे बोट दाखवण्यापूर्वी त्याची अडचण समजून घ्यायला हवी. पुढचा सिग्नल लाल असताना फाटक मोकळे करायला तो दहा मीटरही पुढे सरकू शकत नाही. लाल सिग्नल ओलांडणे हा रेल्वेतला सगळ्यात गंभीर अपराध आहे, त्यात नोकरी जाते. गाडी मधून तोडून रस्ता मोकळा करा, असेही लोक सुचवतात. पण ब्रेकचा हवेचा पाइप सोडायचा, मागचे डबे घरंगळू नयेत म्हणून हँडब्रेक लावायचे, पुन्हा जोडून दाब भरेपर्यंत थांबायचे, यात आणखी वेळ जातो आणि धोकाही वाढतो. इंजिन बिघडले किंवा ड्यूटीचे तास संपून बदली क्रू यायचा असला, तरी गाडी आहे तिथेच उभी राहते.

गेटमनची स्थिती तर आणखी वाईट आहे, कारण तो लोकांच्या हाताला लागतो. स्टेशन मास्तरांशी फोनवर प्रायव्हेट नंबरची (खातरजमेसाठीच्या सांकेतिक क्रमांकाची) देवाणघेवाण झाली की तो फाटक बंद करतो. इंटरलॉकिंग, म्हणजे फाटक आणि सिग्नल एकमेकांना जखडलेले, असलेल्या ठिकाणी सिग्नल दिल्यावर फाटक उघडायचे म्हटले तरी उघडत नाही. त्याला शिव्या देणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्याला मारहाण करणाऱ्याला तर कुठलीच सबब असू शकत नाही.

कलम १७६ च्या खटल्यात ‘गरज नसताना’ ही अट पूर्ण झाली हे सिद्ध करावे लागते. सिग्नलची नोंद आणि कंट्रोलचा आदेश दाखवला की कर्मचारी सुटतो, आणि ते योग्यच आहे. कर्मचाऱ्याला खरी धास्ती असते ती खात्याची. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली एसएफ-११ (किरकोळ शिक्षेचे) किंवा एसएफ-५ (मोठ्या शिक्षेचे) आरोपपत्र हातात पडते, वेतनवाढ थांबते, बढती अडकते. हलगर्जीपणाने कुणाचा जीव धोक्यात आणला, तर कलम १७५ आहे आणि तिथे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लोकांसाठीच्या शिक्षा मात्र कडक आहेत. बंद फाटक उघडले तर कलम १६० खाली तीन वर्षांपर्यंत कैद, मोडले तर पाच वर्षांपर्यंत. उभ्या गाडीखालून वाकून पलीकडे जाणारा शाळकरी मुलगा कलम १४७ च्या, म्हणजे रेल्वे हद्दीत बेकायदा प्रवेशाच्या, कक्षेत येतो. रस्त्यात आडवे वाहन लावून वाट अडवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच्या शेजारी कलम १७६ चे १०० रुपये ठेवून पाहावेत.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याने दोष कंपनीवर ठेवला होता. पाच मिनिटांहून जास्त वेळ रस्ता अडला तर रेल्वे कंपनीला दंड. पण २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा केंद्रीय कायद्यापुढे टिकत नाही असे ठरवले आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. म्हणजे जबाबदारी योग्य ठिकाणी ठेवूनही प्रश्न सुटला नाही. तरी सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते. कलम १७६ मध्ये प्रशासनाचे नाव यावे आणि फाटक किती वेळ बंद राहिले याची गेटवरची नोंद लोकांना पाहायला मिळावी.

उरतो पुलाचा मार्ग. रेल्वे कायद्याच्या कलम १९ प्रमाणे रस्त्याची देखभाल करणारी स्थानिक संस्था किंवा राज्य सरकार सार्वजनिक सुरक्षेसाठी रेल्वेकडे उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग मागू शकते. पण त्याच कलमात रेल्वेला सगळा खर्च मागणाऱ्याकडून घेण्याची अट घालता येते, किंवा केंद्र ठरवेल तेवढा वाटा. चोवीस तासांतल्या गाड्या आणि वाहने यांचा गुणाकार एक लाखावर गेला, तर अर्धा-अर्धा खर्च वाटून घेण्याची पद्धत आहे. छोट्या गावांच्या फाटकांवर तो आकडा भरत नाही आणि सगळा खर्च उचलण्याइतके पैसे नगरपरिषदेकडे नसतात.