टाइपरायटरचा कागद कोण सरकवतं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप वर्षातून दोनदा तरी फिरून येतो. इंग्रजी कीबोर्डवरची अक्षरं अशी उलटसुलट का, तर म्हणे टाइपिस्टचा वेग मुद्दाम कमी करायचा होता. शेजारशेजारच्या खिळ्यांच्या, म्हणजे अक्षरांच्या ठशांच्या, दांड्या एकमेकींत अडकायच्या, एवढं खरं. पण यंत्र विकायला निघालेला माणूस गिऱ्हाइकाला मंद करायला कशाला बसेल? कोइची आणि मोतोको यासुओका या जपानी संशोधकांनी तर, तारेचे संदेश ऐकून टाइप करणाऱ्यांच्या गरजांमुळे ही मांडणी बदलत गेली, असं मांडलं आहे. असो. माझी तक्रार वेगळीच आहे. टाइपरायटर म्हटलं की सगळे कळांबद्दल बोलतात आणि कागद सरकवणाऱ्या भागाकडे कुणी बघतसुद्धा नाही. खरी करामत तिथे आहे.

अक्षर उमटवणं तसं सोपं. खिळा, शाई, दणका. शिक्का मारणारा कुठलाही कारकून ते करतो. पण पुढचं अक्षर नेमकं शेजारी, तेवढ्याच अंतरावर आणि त्याच ओळीत पडायला हवं, आणि तेही मिनिटाला दोनशे वेळा.

अमेरिकेत मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स यांनी दोन सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये पेटंट घेतलं. पुढे बंदुका आणि शिलाई मशीन बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने हे यंत्र बनवायला घेतलं आणि १८७४ मध्ये ते बाजारात आलं. किंमत १२५ डॉलर. फक्त कॅपिटल अक्षरं. गंमत म्हणजे ते दिसायचंही शिलाई मशीनसारखंच, कारण ओळ संपली की कागदाची गाडी परत आणायला खाली पायडल होतं. खिळे रोलरवर खालून आपटायचे, म्हणजे आपण काय टाइप केलं ते गाडी वर उचलल्याशिवाय दिसायचं नाही.

पुढच्या सुधारणा बघा, बहुतेक सगळ्या कागदाच्या बाजूने झाल्या. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ मध्ये लहान आणि कॅपिटल अशी दोन्ही अक्षरं आली. त्यासाठी कळा दुप्पट केल्या नाहीत. एकाच दांडीवर दोन अक्षरं बसवली आणि एक वेगळी कळ दाबली की कागदासकट गाडीच थोडी मागे सरकेल अशी सोय केली. कीबोर्डवरच्या ‘शिफ्ट’चा अर्थ तोच, सरकवणं. खिळे समोरून मारणारी आणि ओळ डोळ्यांसमोर ठेवणारी अंडरवुडची यंत्रं १८९० च्या दशकात आली.

आता गाडी आडवी कशी सरकते ते. टाइपिंग क्लासमध्ये मी पहिला महिनाभर समजत होतो की बोटाच्या जोराने गाडी पुढे जाते. तसं असतं तर जोरात मारलेल्या अक्षरानंतर मोठी फट पडली असती. गाडीला ओढते एक स्प्रिंग. ती डबीत गुंडाळलेली असते आणि पट्ट्याने गाडीला सतत डावीकडे खेचत असते. आपण ओळ संपल्यावर गाडी उजवीकडे ढकलतो, तेव्हा त्या स्प्रिंगला चावीच देत असतो. म्हणजे अख्ख्या ओळीची ताकद एका हिसक्यात भरून ठेवायची आणि मग घासाघासाने वापरायची.

हे घास मोजते एस्केपमेंट. लंबकाच्या घड्याळात टिकटिक करते तीच कल्पना. गाडीखाली दातेरी पट्टी, तिच्यात अडकलेलं छोटं चाक आणि त्याच दांड्यावर आणखी एक दातेरी चाक. या दुसऱ्या चाकाच्या दातात एक खिटी अडकलेली असते, ती थोडी सैल आणि स्प्रिंगवर हलणारी. तिच्या शेजारी दुसरी खिटी, पक्की. कळ दाबली की सैल खिटी दातातून निघते आणि त्याच क्षणी पक्की खिटी चाक अडवते. मोकळी झालेली सैल खिटी तिच्या स्प्रिंगने एक दात मागे उडी मारून बसते. कळ सोडली की पक्की खिटी बाजूला होते, चाक फिरू लागतं आणि जेमतेम एक दात फिरून सैल खिटीवर पुन्हा अडकतं. गाडी सरकली एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर कुठे जुनं यंत्र सापडल्यास कळ सावकाश दाबून धरा. बहुतेक यंत्रांत गाडी जागची हलत नाही, बोट उचललं की सरकते. अक्षर उमटत असताना कागद स्थिर राहतो, म्हणून ते फरफटत नाही.

मराठी टाइपरायटरला तर याची उलटी सोय लागली. मात्रा किंवा उकार अक्षराच्याच वर-खाली बसायला हवा, म्हणून त्या कळांचा दणका एस्केपमेंटपर्यंत पोचूच द्यायचा नाही. खिळा आपटतो, गाडी ढिम्म.

दसऱ्याला आमच्या क्लासमध्ये यंत्रांना झेंडू वाहायचे. पूजा झाल्यामुळे वर्षभर यंत्र बिघडत नाही, असं सर म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पाकळ्या त्या दातेरी पट्टीत अडकलेल्या असत आणि हळदकुंकवाचा तेलात चिखल झालेला असे.

उभा सरकवण्याचं काम रोलरचं. त्याच्या टोकाला खटक्याचं चाक असतं. लगतच्या दोन ओळींतलं अंतर म्हणजे इंचाचा सहावा भाग, सुमारे ४.२ मिलिमीटर. कागद धरून ठेवतं ते मात्र निव्वळ घर्षण. खाली बारीक रबरी रोलर कागदाला दाबून धरतात. रबर वर्षानुवर्षं हवेतला ऑक्सिजन खाऊन कडक आणि गुळगुळीत होतं, मग पकड जाते आणि ओळी तिरक्या.

एका कागदापुरतं हे चालतं. कार्बन घालून चार प्रती काढायच्या म्हटलं की भूमिती आडवी येते. चार कागद आणि तीन कार्बन मिळून सर्वांत आतल्या आणि बाहेरच्या कागदात ०.३५ मिलिमीटर अंतर धरा. रोलरवर बाहेरचा कागद तेवढ्या मोठ्या वर्तुळावरून फिरतो. थर रोलरबरोबर एकसंध फिरले, तर एका फेऱ्यात त्याला २π गुणिले ०.३५, म्हणजे सुमारे २.२ मिलिमीटर जास्त वाट चालावी लागते. रोलर जाड घ्या की बारीक, हा आकडा बदलत नाही, कारण त्रिज्या गणितातून उडून जाते! रोलरचा घेर १४ सेंटिमीटर असेल तर ३३ सेंटिमीटरच्या फुलस्केपला सव्वादोन-अडीच फेरे लागतात. पान संपेपर्यंत फरक पाच मिलिमीटर, एका ओळीपेक्षा जास्त. साध्या पत्रात हे खपतं. पण छापील चौकटींच्या पावत्यांची लांबच लांब पट्टी असेल तर चूक साचत जाते आणि शेवटी रक्कम तारखेच्या चौकटीत जाऊन बसते.

उपाय निघाला तो अमेरिकेतच, ओहायोतल्या डेटन शहरात. थिओडोर शिर्मर यांनी कागदाच्या दोन्ही कडांना भोकं पाडली आणि रोलरच्या टोकांना खुंट्या लावल्या. १९१२ मध्ये त्यावर स्टँडर्ड रजिस्टर ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीची यंत्रं हाताने पावत्या लिहिण्यासाठीची होती, पण कल्पना टाइपरायटर आणि हिशेबाच्या यंत्रांवर गेली. घर्षणावरचा भरवसा संपला. खुंटी सगळ्या थरांच्या भोकांतून एकदम जाते, त्यामुळे आतला-बाहेरचा फरक दर अर्ध्या इंचाला पुसला जातो.

२०११ मध्ये, जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना मुंबईत बंद झाला, अशी बातमी जगभर गाजली. गोदरेजने १९५५ पासून चालवलेलं उत्पादन थांबवलं होतं हे खरं, पण इतरत्र टाइपरायटर बनतच होते. बातमीदारांनी गळा काढला तेव्हा त्या खुंट्या तर आपल्या आसपास कुर्रकुर्र करत फिरत होत्या, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमध्ये. रेल्वेच्या डब्यावर चिकटवलेला आरक्षणाचा तक्ता आठवा. अकरा इंची पानाला एका कडेला २२ भोकं, ओळी ६६, म्हणजे दर तीन ओळींना एक भोक. त्या भोकांच्या पट्ट्या फाडून आम्ही पोरं साखळ्या विणत बसायचो.